दारावरचे दोन कागद

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय गेलाय. इकडे या, खिडकीपाशी बसा. हां, तर मघाशी दारात तुम्ही काय विचारलंत? परत येताना मला काय वाटलं होतं आणि इथे काय निघालं? सगळे हेच विचारतात हो, वेलिनोवसाहेब. सोफियाहून जो कुणी येतो तो आधी हे विचारतो आणि मग घड्याळाकडे बघतो. बघा, खुशाल बघा, परतीची बस संध्याकाळशिवाय नाही. काय वाटलं होतं! मला वाटलं होतं, मी येईन आणि गाव बोलायला लागेल. हसू नका. खरंच वाटलं होतं. स्कॉटलंडमध्ये लिहायला शिकत होते ना — हो, लिहायलासुद्धा शिकवतात तिथे, पोहायला शिकवावं तसं — तर तिथल्या आमच्या बाई म्हणायच्या, झोर्नित्सा, तुझ्या गावात गोष्टी नुसत्या पडून असतील, जा आणि वेच. जशी काही बोरंच. मी आले वेचायला. या वाचनालयाच्या दारावर पाटी लावली — 'आपली गोष्ट, आपल्या शब्दांत, दर शनिवारी'. आईनं चीज घातलेली तबकभर बानित्सा भाजून दिली. आणि पहिल्या शनिवारी माणसं आली की! खोली अर्धी भरली. आमच्या ब्रेझोवात्समध्ये एका खोलीत एवढी माणसं म्हणजे एक तर मयत नाहीतर निवडणूक. मी खुर्च्या गोल मांडल्या, स्कॉटलंडमध्ये मांडतात तशा, कुणी वर नाही कुणी खाली नाही, आणि म्हटलं — सांगा! तर पहिल्याच बाईनं पिशवीतून नवऱ्याचा फोटो काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पोरी, येत्या रविवारी ह्यांना वर्ष होतंय. कागद करून दे." शेजारच्यानं खिशातून बायकोचा फोटो काढला. त्याच्या शेजारचीनं आईचा. सगळ्यांकडे फोटो! मी म्हटलं, अहो, मी त्यासाठी नाही आलेय, मी तुमची गोष्ट — "तू लिहायला शिकून आलीस ना?" "हो." "मग लिही की!" आणि बानित्सा संपवून गेले सगळे.

दुखवट्याचे कागद. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याकडेही असतातच — काळी चौकट, मधे फोटो, खाली नाव, दोन ओळींचा श्लोक आणि 'शोकाकुल कुटुंबीय'. पण तुमच्या सोफियात महापालिकेची माणसं येऊन ते खरवडून काढतात, भिंती छान दिसाव्यात म्हणून. इथे कुणी हात लावत नाही. मेल्यावर एक, चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी, वर्षानं, पुढे कुणी असेल मागे तर दरवर्षी — दारावर, बसथांब्यावर, अक्रोडाच्या झाडावर — लावला तो लावला. ऊन खातं, पाऊस खातो, वारा नेतो, पण माणसानं काढायचा नाही. जो काढेल त्याच्या दारावर पुढचा लागतो म्हणतात. मी मानत नाही, अर्थातच. पण काढतही नाही. मधूनमधून कॉफी घ्या, गार होईल. यंत्राची आहे, वाईट आहे, पण गरम असताना तेवढं कळत नाही.

तर मग मी ते कागद लिहायला लागले. काय करणार? आणि श्लोक म्हणाल तर एकच. 'गेलास तू, पण गेला नाहीस, उंबऱ्यावर तुझी पावलं अजून आहेत.' खाटकाच्या उंबऱ्यावर पावलं, शाळेच्या हेडमास्तरांच्या उंबऱ्यावर पावलं, तो कोपऱ्यावरचा दारुडा, ज्याला घर नव्हतं, त्याच्याही उंबऱ्यावर पावलं! अख्ख्या गावात एकाच मापाची पावलं. मी सुरुवातीला दुसरं काहीतरी सुचवायचे — तुमच्या आईबद्दल काही सांगा ना, त्यांना काय आवडायचं, त्या हसायच्या कशा — तर माणसं माझ्याकडे असं बघायची, की डॉक्टरकडे दात दाखवायला गेलो आणि तो पायातले बूट काढायला सांगतोय. "तोच घाल गं, पावलांचा. सगळ्यांना असतो तोच." मग घातला. महिन्यातून किती वेळा घातला असेल, आणि घालताना मी कुणीच नसायचे. हात टाइप करायचे. मी खिडकीतून बाहेर बघत असायचे. मला तेव्हा त्याची इतकी किळस यायची —

आणि तुम्हाला गंमत सांगते, तुम्ही पुस्तकंवाले आहात, तुम्हाला कळेल. नाही कळणार कदाचित. मी इथे इतर गोष्टीही लिहायचे ना? आमच्या महापौरांची भाषणं. बोझिदारसाहेबांची. 'माझ्या प्रिय ब्रेझोवात्सकरांनो!' असं लिहिलं की मला मिशा फुटायच्या, शप्पथ. पोट सुटायचं. दोन पानांपुरती मी अशी ऐसपैस बसायचे, टेबलावर मूठ आपटायचे, या जागी आता कुणी नाही म्हणून आपटून दाखवते — अशी! — आणि मजा यायची हो, लाज वाटते सांगायला, पण मजा यायची, कारण त्या माणसाला कसली म्हणून शंका नाही. मग ते परदेशी संस्थांना पाठवायचे अर्ज. त्यात 'आम्ही'. आम्ही समाजाला जोडतो, आम्ही वंचित आवाजांना व्यासपीठ देतो. कोण आम्ही? मी आणि ही मोडकी खुर्ची. तिथे मी अशी गुळगुळीत व्हायचे, हात धुतल्यासारखी, माझ्या स्वतःच्या आईनं ओळखलं नसतं मला. आणि घरी जाऊन, माझ्या खोलीत, दार लावून — माझं. माझं खरं लिखाण. इंग्रजीत. त्यात मी म्हणजे काय विचारू नका! धीट, जखमी, जे कुणी बोलत नाही ते बोलणारी. एका लहानशा, गुदमरलेल्या, नदीकाठच्या गावातून सुटून आलेली मुलगी. त्या मुलीला मी कधी भांडी घासताना पाहिलेलं नाही. तिला सर्दी होत नाही. तिथल्या मासिकात दोनदा छापून आली ती, तुम्ही वाचलंय म्हणालात ना? नाही वाचलं? वाचलं म्हणालात फोनवर. असू द्या. तर यातली कुठली मी, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शेवटची, अजून कुठली. बाकीच्या नोकरीच्या. ही खरी. हे मी इतकं नक्की धरून चालले होते, की —

माझे वडील. हां. त्यांच्यासाठीच आलात ना तुम्ही.

लाझार. फेरीबोटीवर मेकॅनिक होते, पलीकडे रोमानियाला जाणाऱ्या. पूल झाला, फेरी गेली, मग घरी. बोलायचे नाहीत. म्हणजे बोलायचे, पण यंत्राशी. मी परत आले त्यानंतर दीड वर्ष आम्ही एका टेबलावर जेवलो, आणि त्या दीड वर्षातलं त्यांचं माझ्याशी झालेलं सगळं बोलणं एका दुखवट्याच्या कागदावर मावेल, फोटोसकट. एकदा विचारलं होतं, "दार लावून काय करत असतेस?" मी म्हटलं, लिहिते. "कुणासाठी?" मी म्हटलं — आता मला ते आठवलं की मी स्वतःच्या थोबाडीत मारावं असं वाटतं — मी म्हटलं, "जगासाठी." त्यांनी पाव मोडला, सूपमध्ये बुडवला. "मग जगाला सांग," म्हणाले, "न्हाणीघरातला नळ गळतोय, नीट बंद करत जा." आई इतकी हसली, तिला ठसका लागला. मी ताट उचलून खोलीत गेले आणि त्यावर आठ पानं लिहिली. त्या वाक्यावर! चांगली झाली होती पानं.

थंडीच्या तोंडाशी गेले ते. दफनाला मी रडले नाही. चाळिसाव्याचा कागद आईनं परस्पर तालुक्याच्या गावाहून करून आणला, मला विचारलंदेखील नाही, आणि मला वाटलं, बरं झालं. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला सहा महिने झाले. आई म्हणाली, या वेळी तू कर, तुझ्याकडे मशीन आहे. मी सकाळी इथे येऊन बसले, या टेबलावर, आणि श्लोक टाइप केला — गेलास तू, पण गेला नाहीस — आणि मला एकदम संताप आला. कुठली पावलं? कसली पावलं? हा माणूस माझ्या उंबऱ्यावर उभाच राहिला नाही कधी! मी शिकायला निघाले तेव्हा अख्खी गल्ली बसथांब्यावर आली होती, हा नव्हता. मी ठरवलं, या गावात निदान एक कागद खरा लागेल. एक! इतक्या वर्षांनी तरी! श्लोक पुसला. फोटो नाही. चौकट ठेवली. आणि लिहिलं ते — पाठ आहे तुम्हाला, ना? तुमच्या फोनमध्ये आहे. 'लाझार पेत्कोव, फेरीवरचा मेकॅनिक. यंत्रांवर प्रेम केलं. मुलीला निरोप द्यायला आला नाही. तिनं लिहिलेली एक ओळ वाचली नाही. तिनं त्याला माफ केलेलं नाही. — मी, त्याची मुलगी.' छापला, घरी गेले, आई मळ्यात होती, मैद्याची खळ केली आणि दारावर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. मला वाटलं, लिहिणं लिहिणं म्हणतात ते हे. जे आपल्याच भाषेत, आपल्याच दारावर —

हो हो, आपल्या भाषेत. आत्तापर्यंतचं सगळं इंग्रजीत होतं, म्हटलं ना मघाशी. म्हणून तर ते कुणी — म्हणजे, ते वाचणार कसे, त्यांना कुठे इंग्रजी —

कॉफी देऊ अजून? नको? मी घेते.

काय सांगत होते? कागद. तर दुपारी आई आली ती शेजारच्या गेना काकूंबरोबर. सहा महिन्यांचं म्हणून साखर घातलेला उकडलेला गहू वाटायचा असतो, ते पेले होते आईच्या हातात ताटलीत. काकूंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला, त्यांना मनात वाचता येत नाही. शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "अगं त्रेंदाफिला, हे काय लिहिलंय पोरीनं?" आई म्हणाली, "लिहिलंय ते लिहिलंय." "काढ की मग." "मयताचा कागद काढतात होय? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी आत स्वयंपाकघरात उभी, मला सगळं ऐकू येत होतं. मग काकू म्हणतात, तोंडात गहू, "खोटं काही नाही म्हणा. नव्हता आला लाझार त्या दिवशी." मला वाटलं, बघा! बघा, एकीनं तरी! बाहेर आले मी. म्हटलं, काकू, खोटं नाही ना? "नाही गं. पण कागदावर कशाला? माझ्या दिम्चोच्या कागदावर मी 'प्रेमळ पती' लिहिलंय, तूच छापलायस. आणि हे दोन दात त्यानंच पाडलेत." तोंड उघडून दाखवलं! मी म्हटलं, मग खोटं का लिहिलंत? तर ती बाई माझ्याकडे बघून म्हणते, "खोटं? अगं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे दात कुणी पाडले. कुणाला फसवायचंय? कागद काय, माणूस गेला एवढं कळवायला असतो."

तुम्ही लिहून घेताय? हे लिहून घेताय? बंद करा ती वही. तुम्हाला वाटलं असेल, वा, काय गावठी शहाणपण. अजिबात नाही. मला तेव्हाही राग आला आणि आत्ताही येतो. अख्ख्या गावाला ठाऊक होतं म्हणून तर ते दात पडू दिले गावानं! 'प्रेमळ पती' असं छापून छापूनच तर पुढच्या दिम्चोला कळतं की आपल्यालाही 'प्रेमळ'च मिळणार आहे! मी त्यांना हे तिथेच सांगितलं, ताडताड, पायरीवर उभी राहून. काकूंनी गहू संपवला आणि पेला परत दिला. "बरोबर आहे गं तुझं," म्हणाल्या, "पण मला सांगायला तू फार उशिरा जन्मलीस." आणि गेल्या. आई तोवर आत गेलेली.

मग दुसऱ्या दिवशी काय झालं — हे फोनमध्ये नाही तुमच्या. मी इथे बसले होते, दोन माणसं पुढे होती, त्यांच्यामागे आई येऊन उभी राहिली. रांगेत. मी म्हटलं, आई, काय हवंय, ये ना पुढे. नाही आली. नंबर आल्यावर पिशवीतून फोटो काढला. "एक कागद करून दे. नेहमीचा." मी म्हटलं, मी केलाय ना एक. "तो तुझा. मला माझा हवाय." म्हटलं, सांग. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले, जशी ती दुसरीच कुणी गिऱ्हाईक. प्रिय पती, प्रिय पिता. श्लोक? "पावलांचा." खाली? "शोकाकुल पत्नी आणि मुलगी." मी म्हटलं, आई, माझं नाव नको. म्हणाली, "नाव कुठेय? मुलगी लिही म्हटलं. मुलगी आहेस ना?" लिहिलं. आता काय सांगू तुम्हाला, मी तो श्लोक या हातांनी शंभरदा टाइप केलाय, त्यात काही नाही, पुसायच्या बोळ्यासारखा झिजलेला श्लोक आहे, आणि 'उंबऱ्यावर' पाशी आले तर मला अक्षरं दिसेनात. धूळ असते इथे फार, जुन्या पुस्तकांची. आई काउंटरवर बोटं ठेवून उभी होती. म्हणाली, "ओलं करू नकोस, मशीन बिघडेल." तेवढंच.

फोटो कुठला होता माहितीये? माझ्या शाळा संपल्याच्या समारंभाचा. त्या दिवशी आमच्याकडे गल्लीच्या गल्ली रस्त्यावर येते, मुली असे गाऊन घालतात की दारातून मावत नाहीत — तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांचा कोटातला असा दुसरा फोटोच नाही. आईनं मला त्यातून कात्रीनं कापलं होतं, नीट, सरळ रेषेत, पण मी त्यांना खेटून उभी होते ना, त्यामुळे खांदा राहिला. हिरव्या गाऊनमधला एक उघडा खांदा, त्यांच्या बाहीला टेकलेला. मी म्हटलं, मशीनवर काढता येईल तो खांदा. "राहू दे," म्हणाली. "कुणाला कळतंय."

आणि तो कागद तिनं माझ्या कागदाच्या शेजारी लावला. वर नाही, माझा झाकून नाही — झाकता आला असता, नवा कागद जुन्यावर लावायला कुणाची मनाई नाही. शेजारी. दाराच्या एका फळीवर तिचा, एका फळीवर माझा. आणि मग गाव यायला लागलं वाचायला! येता-जाता थांबायचे, आधी माझा वाचायचे, मान तिरकी करून, मग तिचा वाचायचे आणि छातीवर क्रूसाची खूण करायचे. एकजण तर म्हणाला, मी आत ऐकत होते, "एक बायकोचा, एक मुलीचा. बरोबर आहे, दोन वेगळी माणसं होती." कुणाचं काही बिघडलं नाही. मी गावाच्या तोंडावर बॉम्ब टाकला आणि गाव म्हणतं, हां, ठेव तिकडे फळीवर.

आणि तेवढ्यात तो सायकलवाला आला असणार, नदीकाठानं जातात ना परदेशी, पिवळी टोपी घालून. त्यानं फोटो काढला, कुणीतरी त्याला मजकुराचा अर्थ सांगितला असेल, त्यानं टाकला जगापुढे, आणि तो फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला. 'मृत्यूच्या कागदाची चिरफाड करणारा नवा आवाज.' तुमचे शब्द. चिरफाड! इथे कुणी कागदाला नखसुद्धा लावत नाही हो. तुमचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. मी काय बोलले आठवतंय तुम्हाला? मी किंचाळले. 'हो, हो, या ना, लगेच या!' तुम्ही म्हणालात, असे तीस खरे कागद, एकेका माणसाचा, मुखपृष्ठावर आमचं दार, वर माझं नाव. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात नाचले, खोटं कशाला बोलू. ती इंग्रजीतली मुलगी आणि ही दारावरची मुलगी, दोघींची गाठ पडली असं वाटलं. आई भाजलेल्या मिरच्या सोलत होती. म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, पुस्तक होणार, आपल्या दारावरचा कागद पुस्तकात. तिनं दोन मिरच्या सोलल्या. मग विचारलं, "पुस्तक किती टिकतं?" मी म्हटलं — अभिमानानं हो, वेलिनोवसाहेब, मान अशी वर करून — "कायम!"

"असं," म्हणाली. आणि साली गोळा करून बाहेर टाकायला गेली.

तुम्हाला वाटतंय, आईला वाईट वाटलं म्हणून मुलीचं मन वितळलं. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. हे असलंच वाटणार तुम्हाला, सोफियाच्या कॅफेत बसून गावाकडच्या आया अशाच वाटतात. आईनं मला एका शब्दानंही 'नको' म्हटलेलं नाही. आणि मी लिहिलंय त्यातला शब्द मी मागे घेतलेला नाही. तो निरोपाला आला नाही. मी माफ केलेलं नाही. काल नव्हतं केलं, आज नाही. पण हे मी लिहिलं सहा महिन्यांच्या कागदावर, जो ऊन खातं! तिथे ते लिहिणारी मी एका उन्हाळ्याची आहे हो. पुढच्या वर्षी काय लिहीन मला ठाऊक नाही, त्याच्या पुढच्या वर्षी काय — दरवर्षी नवा लावतात म्हणून तर लिहिता आलं ते. तुम्ही तिला उचलून जिल्दीत घालणार, आणि मग जन्मभर मी तीच. साठ वर्षांची झाले तरी दारात उभी राहून फणफणणारी! आणि तो जन्मभर न आलेलाच. म्हातारा साधा बसथांब्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही कधी.

आणि ते वाक्य. 'एक ओळ वाचली नाही.' त्यांना वाचता येईल असं मी आयुष्यात एकच लिहिलं. ते दारावर आहे.

असो. हे मी तुम्हाला फोनवर सांगू शकले असते. नाही करायचं पुस्तक, राहू द्या. पण मला वाटलं, नाही, येऊ दे त्याला. एवढ्या लांबून, त्या खडखड्या बसनं. आमच्या दारासमोर उभा राहू दे, दोन्ही वाचू दे. न जाणो. माणसाकडून काहीतरी होईल असं मला वाटत राहतं, तीच तर माझी खोड आहे. आणि तुम्ही आलात. तुम्हाला इथे आणण्याआधी मी घराच्या वरच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही बॅग खाली ठेवलीत, फोन काढलात, आणि एक पाऊल डावीकडे सरकलात, मग आणखी एक — आईचा कागद चौकटीबाहेर जावा म्हणून. वाचलात का तो? नाही. एक ओळ वाचली नाहीत. दाखवा तो फोटो. दाखवा हो, मी काही पुसत नाही. हे बघा. सगळा माझा कागद, आणि इथे कडेला ही काळी रेघ राहिलीये, बोटभर. ती आई आहे माझी.

हा तुमचा करार. घ्या. सही नाही त्याच्यावर. दुसरीकडे शोधा, असे खूप निघतील आता, तुम्ही छापणार म्हटल्यावर लोक आपापल्या बापांच्या दारावर चढतील. मी? मी इथेच. शनिवारी माणसं येतात. हल्ली एखादा फोटो ठेवून म्हणतो, "तो पावलांचा घाल, पण खाली एक ओळ आणखी घाल, तिला शिट्टी वाजवता यायची." घालते. बोझिदारसाहेबांना सांगितलंय, मिशा तुमच्या तुम्ही वाढवा. न्हाणीघरातल्या नळाला वायसर बसवलाय, तरी गळतो.

हॉर्न वाजला, ऐकलंत? तीच तुमची. वळून येते, तोवर तुम्ही कोपऱ्यापर्यंत पोचाल, आमच्या घरावरूनच रस्ता आहे. दाराला हात लावू नका जाताना, खळ अजून पुरती वाळली नसेल. काय विचारताय, कसली खळ? तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले, तर रात्रीच्या वाऱ्यानं दोन्ही कागदांचे कोपरे सुटले होते, फडफडत होते. खळ केली. आईच्या कागदाचा कोपरा चिकटवला, खांद्याच्या बाजूचा. तेव्हापासून रोज सकाळी बघते, सुटला की चिकटवते. माझ्या कागदाचा तसाच सुटा ठेवला. एवढंच ठरवलं त्या सकाळी. जा आता.